हरणाऱ्या संघाचा चाहता

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात फुटबॉलवर बोलणार म्हटल्यावर काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. "आधीच पोरगा दिवसभर मैदानावर असतो, त्यात मास्तरांनी आणखी तेल ओतू नये," असे कोणाच्या मनात आले असेल तर त्यात गैर काही नाही. परंतु मी खेळाडूंविषयी बोलणार नाही. मी बोलणार आहे तो कट्ट्यावर बसून सामना पाहणाऱ्या माणसाविषयी, आणि त्यातही ज्याचा संघ वर्षानुवर्षे हरतो आहे अशा माणसाविषयी. ह्या माणसापासून आपल्या घरांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. ते आपल्याला पटते का, हे शेवटी आपणच ठरवावे.

मी ज्या संघाचा चाहता आहे त्याचे नाव मोहमेडन स्पोर्टिंग क्लब, कलकत्ता. आपल्यातील वडीलधाऱ्यांना हे नाव ऐकताच काहीतरी आठवेल. तरुणांपैकी बहुतेकांना ते ठाऊक नसेल, कारण त्यांच्या खोलीत स्पेनच्या नाही तर इंग्लंडच्या संघाचे चित्र लावलेले असते. म्हणून प्रथम थोडा इतिहास सांगतो.

हा क्लब १८९१ साली स्थापन झाला. योगायोग असा की, मुंबईची प्रसिद्ध रोव्हर्स चषक स्पर्धाही त्याच वर्षी सुरू झाली. कलकत्त्याची फुटबॉल लीग १८९८ पासून खेळली जात होती आणि १९३३ पर्यंत तिचे विजेतेपद गोऱ्यांच्या संघांकडेच राहिले. पलटणींचे संघ असत, साहेबांचे क्लब असत. हिंदी संघांना वरच्या गटात प्रवेश मिळवण्यासाठीसुद्धा झगडावे लागले. मोहन बागानने १९११ साली आय. एफ. ए. शील्ड जिंकून मोठा पराक्रम केला होता, पण लीग म्हणजे हंगामभर चालणारी कसोटी. ती कोणाही हिंदी संघाला जिंकता आली नव्हती. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंग दुसऱ्या गटातून नुकताच वर आला होता. त्या पहिल्याच वर्षी त्याने लीग जिंकली, आणि लागोपाठ पाच वर्षे, म्हणजे १९३८ पर्यंत, ती आपल्याकडे ठेवली.

हे यश आभाळातून पडले नव्हते. क्लबच्या कारभाऱ्यांनी बंगालबाहेर नजर टाकली आणि थेट बंगलोरपर्यंतचे चांगले खेळाडू गोळा केले. त्या काळी आपले खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर ते गोऱ्यांना चकवीत, पण पावसात चिखल झाला की पाय घसरत आणि बूट घातलेला प्रतिस्पर्धी वरचढ ठरे. मोहमेडनच्या खेळाडूंनी पावसाळी मैदानासाठी बूट घालून खेळण्याचा सराव केला. चिखलाला शिव्या देत बसण्यापेक्षा त्यांनी चिखलाचा अभ्यास केला, असे म्हणायला हरकत नाही. ज्यांना फुटबॉलचा जादूगार म्हणत ते सय्यद अब्दुस समद कारकिर्दीच्या उत्तरार्धात ह्याच संघात आले. ह्याच संघाचा महंमद सलीम १९३६ साली स्कॉटलंडला गेला आणि पायांना पट्ट्या गुंडाळून सेल्टिक क्लबतर्फे दोन सामने खेळून आला. १९४० साली दिल्लीत रॉयल वॉरिकशायर पलटणीला २-१ असे हरवून मोहमेडनने ड्युरंड चषक जिंकला. तो जिंकणारा हा पहिला हिंदी संघ.

त्याच १९४० साली हा संघ मुंबईत आला आणि त्याने रोव्हर्स चषकही नेला. अंतिम सामन्यात समोर होता बंगलोर मुस्लिम्स हा संघ, ज्याने तीन वर्षांपूर्वी ह्याच स्पर्धेत मोहमेडनला हरवले होते. पुढे १९५६ आणि १९५९ साली, आणि ऐंशीच्या दशकात १९८०, १९८४ व १९८७ साली रोव्हर्स चषकावर ह्या संघाचे नाव लागले. त्यांपैकी १९८० चे विजेतेपद ईस्ट बेंगॉलबरोबर संयुक्त होते. ही स्पर्धा आता राहिलेली नाही. पण महाराष्ट्रातील आपल्या पुष्कळ घरांत ह्या संघाचे नाव पोचले ते कूपरेजच्या मैदानावरून. आमच्या घरातही ते तसेच आले. माझे एक मामू त्या काळात भायखळ्याला एका कारखान्यात कामाला होते. पाळी संपली की डबा हातात घेऊनच ते कूपरेजला जात. काळ्या-पांढऱ्या पोशाखातला संघ त्यांनी जिंकताना पाहिला होता. मी त्यांच्याकडून संघ घेतला, पण त्यांचे विजय मला घेता आले नाहीत. माझ्या वाट्याला आला तो पुढचा काळ.

त्या काळाविषयी आता सांगतो.

उतरण एका दिवसात लागली नाही. फाळणीनंतर कित्येक खेळाडू आणि आश्रयदाते पूर्व पाकिस्तानात गेले. समदसुद्धा तिकडेच गेले आणि १९६४ साली तिकडेच वारले. तरी क्लब उभा राहिला. १९४८, १९५७, १९६७ अशी अधूनमधून लीग जिंकत राहिला. १९६० साली ढाक्याला जाऊन आगाखान सुवर्णचषक जिंकून आला. संघ नावाप्रमाणे मुसलमानांचा, पण पुढे त्याचे दार सर्वांना उघडे झाले. १९८० साली सुरजित सेनगुप्तांसारखे नामवंत खेळाडू ईस्ट बेंगॉल सोडून ह्या संघात आले. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, मोहमेडनने लीग जिंकली. १९८३ आणि १९८४ साली लागोपाठ फेडरेशन चषक जिंकला. आणि मग दिवे मंद होत गेले. खेळ पैशाचा झाला. १९९८ साली मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल ह्या दोन्ही शेजाऱ्यांशी एका मोठ्या उद्योगसमूहाने भागीदारी केली. मोहमेडनला तसा आधार त्या वेळी लाभला नाही. चांगला खेळाडू तयार व्हायचा आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या पोशाखात दिसायचा.

१९८१ नंतर कलकत्त्याची लीग पुन्हा जिंकायला २०२१ साल उजाडावे लागले. मधली वर्षे चाळीस! ज्या दिवशी एखाद्या चाहत्याचा मुलगा जन्मला असेल, त्या मुलाच्या केसांत पांढरे केस दिसू लागेपर्यंतचा हा काळ. ह्या चाळीस वर्षांत चाहत्याने काय केले? दर हंगामाला तो मैदानावर गेला. लांब राहणाऱ्याने वर्तमानपत्र उघडले आणि खेळाच्या पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत छापलेला निकाल शोधला. मी शाळेत असताना वाचनालयात जाऊन हेच करीत असे. बहुतेक वेळा निकाल वाचून पान मिटावे लागे. एकदा मी मामूंना विचारले, "हा संघ सोडून दुसरा का धरत नाही?" ते म्हणाले, "जिंकणाऱ्याला माणसांची काय कमी? गरज ह्यांना आहे."

ह्या काळातला एकच हंगाम सांगतो, म्हणजे ह्या चाहत्याची दशा आपल्या लक्षात येईल. हंगाम २०१३-१४ चा. सप्टेंबर २०१३ मध्ये दिल्लीला मोहमेडनने ओ. एन. जी. सी. च्या संघाला हरवून ड्युरंड चषक जिंकला, १९४० नंतर प्रथमच. पुढे २०१४ च्या सुरुवातीला आय. एफ. ए. शील्डही जिंकली. चाहत्यांना वाटले, गेलेले दिवस परत आले. आणि त्याच हंगामाच्या अखेरीस देशाच्या मुख्य लीगमध्ये, आय-लीगमध्ये, संघ तळाला राहिला आणि खालच्या गटात घसरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बातमी आली की, पैशाअभावी संघच बंद करण्याचे ठरत आहे. एका वर्षात दोन चषक, एक घसरण आणि वर बंद पडण्याची वेळ!

खालच्या गटात घसरणे म्हणजे काय, हे खेळ न पाहणाऱ्या माता-भगिनींसाठी सांगतो. लीगमध्ये संघांचे वरचे-खालचे गट असतात. वरच्या गटात जो तळाला राहतो त्याला पुढच्या वर्षी खालच्या गटात खेळावे लागते. लहान मैदाने, थोडे प्रेक्षक, वर्तमानपत्रात उल्लेखही नाही. अगदी आपल्या शाळेतल्या नापास होण्यासारखेच. पण ह्या नियमात एक मोठी भली गोष्ट आहे. घसरलेल्या संघाचे नाव कोणी खोडून टाकत नाही. वर येण्याचा रस्ता लिहिलेला असतो आणि तो खालच्या गटातूनच जातो.

मोहमेडनचा संघ बंद झाला नाही. तो खालच्या गटात खेळत राहिला आणि २०२० साली पात्रता मिळवून पुन्हा आय-लीगमध्ये आला. २०२१ साली चाळीस वर्षांनी कलकत्त्याची लीग जिंकली, आणि ती २०२२ व २०२३ सालीही राखली. १४ मे २०२२ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर आय-लीगचा अखेरचा सामना झाला. समोर केरळचा गोकुलम संघ. मोहमेडन जिंकला असता तर राष्ट्रीय विजेता ठरला असता. स्टेडियम आपल्याच माणसांनी भरलेले. गोकुलमने गोल केला, मोहमेडनने फेडला, पण थोड्याच मिनिटांत गोकुलमने पुन्हा आघाडी घेतली आणि सामना २-१ असा गेला. हजारो माणसे घरी गेली. आणि पुढच्या हंगामात परत आली.

६ एप्रिल २०२४ रोजी शिलाँगला लाजोंग संघाला २-१ असे हरवून मोहमेडन आय-लीगचा विजेता झाला. देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, इंडियन सुपर लीगमध्ये, त्याला प्रवेश मिळाला. येथे गोष्ट संपली असती तर भाषणाला शेवट छान मिळाला असता! पण चाहत्याचे नशीब असे सरळ नसते. २०२४-२५ च्या त्या पहिल्याच हंगामात संघ १३ संघांत तेरावा आला. चोवीस सामन्यांत विजय फक्त दोन, एक चेन्नईला आणि एक बंगलोरला, दोन्ही परगावी. पैशाचे वाद झाले, पगार थकले, प्रशिक्षक हंगामाच्या मध्येच सोडून गेले. नव्वद वर्षांपूर्वी वरच्या गटात पाऊल ठेवताच जो संघ पहिला आला होता, तोच आता वर जाताच शेवटचा आला.

बंधु-भगिनींनो, एवढा इतिहास सांगण्याचे कारण आता सांगतो. हरणाऱ्या संघाच्या मागे उभी असलेली सगळीच माणसे सारखी नसतात. मला त्यांचे चार प्रकार दिसतात, आणि हे चारही प्रकार मला निकालाच्या दिवशी शाळेच्या आवारातही दिसतात.

पहिला प्रकार चार दिवसांच्या चाहत्यांचा. संघ जिंकला की ढोल वाजवणारा हाच, हरला की "आपला काही संबंध नाही" म्हणणाराही हाच. मुलाला नव्वद टक्के मिळाले की "माझा मुलगा", आणि नापास झाला की बायकोकडे पाहून "तुझा मुलगा" म्हणणारे वडील आपण पाहिलेले आहेत.

दुसरा प्रकार बाटली फेकणाऱ्याचा. २० ऑक्टोबर २०२४ रोजी कलकत्त्याला केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्यात आमच्याच काही चाहत्यांनी मैदानात बाटल्या फेकल्या आणि खेळ थांबवावा लागला. सामना तर गेलाच, वर नाचक्की झाली. खेळातला राग किती भयंकर होऊ शकतो हे कलकत्त्याने १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर पाहिले आहे. मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉलच्या सामन्यात दंगल आणि चेंगराचेंगरी होऊन सोळा प्रेक्षक प्राणाला मुकले. प्रेमाच्या नावाखाली केलेला हा राग असतो, पण त्याचे घाव आपल्याच माणसांना बसतात. घरी गुणपत्रिका आल्यावर पट्टा काढणारा बाप हा बाटली फेकणाराच आहे. त्यालाही वाटते की आपण प्रेमापोटीच करतो आहोत.

तिसरा प्रकार गोडबोल्या चाहत्याचा. त्याचा संघ कधी हरतच नाही. पंच नेहमी फितूर, मैदान नेहमी ओले, नशीब नेहमी वाकडे. हा प्रकार आपल्या समाजात मला फार आढळतो. पेपर कठीण होता, तपासणाऱ्याने नाव बघून गुण कापले, शिक्षकांचे लक्ष नव्हते. अन्याय होतच नाही असे मी म्हणणार नाही. तो होतो, आणि जेथे होतो तेथे अर्ज करून दाद मागावी. पण प्रत्येक पराभवाला हेच कारण दिले, तर बुटांचा सराव कोणी करायचा? १९३४ च्या त्या खेळाडूंच्या वाट्याला तर राज्यच गोऱ्यांचे होते. तक्रारीला जागा त्यांच्याइतकी कोणाला होती?

चौथा प्रकार खऱ्या चाहत्याचा. तो हरल्यावर दुःखी होतो, त्या रात्री त्याला जेवण गोड लागत नाही. पण सामना कोठे गेला हे त्याला नेमके ठाऊक असते. "डावी बाजू उघडी पडत होती," "शेवटच्या दहा मिनिटांत दम संपला," असे तो सांगू शकतो, कारण त्याने डोळे उघडे ठेवून सामना पाहिलेला असतो. कारभाऱ्यांना तो हिशेब विचारतो. आणि पुढच्या सामन्याला तो आपल्या जागेवर हजर असतो. सब्र ह्या शब्दाचा अर्थ आपण पुष्कळदा गप्प बसणे असा करतो. मला त्या शब्दाचा अर्थ ह्या माणसाकडे पाहून जास्त कळला. सब्र म्हणजे जागा न सोडणे.

पालकांना माझी विनंती आहे की, आपण हा चौथ्या प्रकारचा चाहता व्हावे. त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे सामना पाहावा लागतो. आपल्या मुलाचे कोणते विषय कच्चे आहेत, गणितात तो अडतो ते अपूर्णांकात की भूमितीत, हे किती पालकांना सांगता येईल? वर्षातून एकदा निकाल वाचणे म्हणजे तळाच्या बारीक अक्षरांतला आकडा वाचणे. त्यावरून सामना कळत नाही. पालकसभेला या. गुणपत्रिका घेऊन मुलाशेजारी बसा आणि संतापण्याऐवजी विचारा, "गोल कोठून झाला?" आपण स्वतः शिकलेले नसाल तरी हा प्रश्न विचारता येतो. मुलगा तुम्हाला समजावून सांगू लागला की त्याचे त्यालाच अर्धे उत्तर सापडते, हा आम्हा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, खालच्या गटातून वर येण्याचा रस्ता माहीत करून घ्यावा. नववीत किंवा दहावीत नापास झालेला मुलगा गॅरेजमध्ये नाही तर दुकानावर बसवायचा, आणि मुलगी असेल तर घरी बसवून तिच्या लग्नाचे पाहायचे, हा आपल्याकडचा जुना प्रघात. मुली तर दहावीच्या निकालात राज्यभर मुलांच्या पुढे असतात, तरीही एकदा अडखळलेल्या मुलीला दुसरी संधी देताना आपला हात आखडतो. वास्तविक दहावीत एक-दोन विषय राहिले तर ए. टी. के. टी. च्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो. राहिलेल्या विषयांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा होते. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेला बसता येते. ज्यांना ह्याची माहिती हवी असेल त्यांनी शाळेच्या कार्यालयात विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही. शंभर वर्षांहून जुन्या, पाच वर्षे सलग लीग जिंकलेल्या क्लबला दुसऱ्या गटात खेळताना कमीपणा वाटला नाही. आपल्या सोळा वर्षांच्या पोराला पुरवणी परीक्षेला बसताना का वाटावा?

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण ती बोललीच पाहिजे. मोहमेडन १९३४ साली जिंकला तेव्हा सगळ्या मुसलमान समाजाला तो आपला विजय वाटला. हे स्वाभाविक होते आणि त्यात आनंद होता. पण ज्याने विजयाला समाजाची इज्जत मानले, त्याला पराभवही समाजाची बेइज्जती वाटू लागला. अकरा पोरांच्या पायांवर एवढे ओझे! चेंडू पायात आला की त्यांना फक्त चेंडू दिसायला हवा. तेथे लाखो लोकांची अब्रू दिसू लागली तर पाय कसा उचलेल? आपण आपल्या मुलांवर हेच ओझे टाकतो. "खानदानाचे नाव राख," "लोकांत मान खाली घालायला लावू नकोस." मुलाने अभ्यास करावा तो स्वतःच्या आयुष्यासाठी. खानदानाची इज्जत सांभाळायला घरात मोठी माणसे आहेत. निकालाच्या भीतीने घर सोडून गेलेली मुले आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. ज्या मुलाला ठाऊक असते की हरून घरी गेलो तरी ताट वाढलेले असेल, तो घर सोडून जात नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आतापर्यंत खुशीत ऐकत होतात, कारण बोलणी पालकांना बसत होती. आता दोन शब्द तुम्हाला. चाहत्याने हरणाऱ्या संघाची साथ सोडू नये हे खरे, पण संघानेही चाहत्याला एक गोष्ट द्यावी लागते. ती म्हणजे शेवटच्या शिट्टीपर्यंत धावणे. चषक दिलाच पाहिजे असे नाही. मोहमेडनच्या चाहत्याने चाळीस वर्षे लीगच्या विजेतेपदाशिवाय काढली, पण हातपाय गाळून उभ्या असलेल्या खेळाडूला त्याने कधी माफ केले नाही. तुमचे वडील रिक्षा चालवीत असतील, आई घरी शिलाई करीत असेल. त्यांनी तुमच्या वह्यांना आणि शिकवणीला दिलेला पैसा म्हणजे पाळी संपल्यावर डबा हातात घेऊन काढलेले तिकीट आहे. पेपरात दोन प्रश्न येत नाहीत म्हणून उरलेला वेळ बाकावर डोके टेकून बसणाऱ्या विद्यार्थ्याला मी परीक्षेच्या दालनात पाहतो तेव्हा मला त्या तिकिटाची आठवण होते. बंगलोरला तो दुसरा विजय मिळाला तो अगदी शेवटच्या काही मिनिटांतल्या एका गोलवर. तोपर्यंत धावले नसते तर तोही मिळाला नसता.

आणि ज्यांना मैदानावर खेळायचे आहे त्यांनी अवश्य खेळावे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ह्या तालमींचे सामने होतात तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. त्याच तालमींत मोहरमचे पंजेही बसतात आणि मैदानावर सगळ्या जातिधर्मांची पोरे एका पोशाखात धावतात. अशी एकी आपल्याला व्याख्यानांनी साधता आलेली नाही. मात्र पेठेचा अभिमान बाटली फेकण्यापर्यंत जाऊ देऊ नका.

शेवटी एक मुद्दा संस्थेविषयी. अशा संस्था आणि असे क्लब एका वर्षाच्या उत्साहात निघतात, पण ते टिकतात ते वाईट वर्षांत वर्गणी भरणाऱ्यांमुळे. मोहमेडनचा शिलाँगचा विजय साजरा करायला पुष्कळ लोक आले. २०१४ च्या ऑक्टोबरात, संघ बंद होणार अशी बातमी असताना जे मागे राहिले, त्यांच्यामुळे तो विजय पाहायला संघ शिल्लक होता. आपल्या शाळेचा निकाल एखाद्या वर्षी खाली येतो. त्या वर्षी मुले काढून दुसरीकडे घालणारे पालक असतात, आणि चावडीवर बसून शिव्या देणारेही असतात. आम्हाला हवे आहेत ते वार्षिक सभेला येऊन "निकाल का घसरला? गणिताची जागा किती महिने रिकामी होती? जमाखर्च दाखवा," असे उभे राहून विचारणारे, आणि विचारून झाल्यावर पुढच्या वर्षाची वर्गणी भरून पावती खिशात घालणारे. असे पन्नास पालक ज्या संस्थेला मिळतील त्या संस्थेची मुले एखाद्या वर्षी खालच्या गटात गेली तरी तेथे राहणार नाहीत.

मोहमेडन पुढच्या हंगामात जिंकेल का, असे मला मुले विचारतात. मी त्यांना सांगतो, जिंको अथवा हरो, मी निकाल पाहणार आहे. आपल्या घरात, आपल्या शाळेत आज जो कोणी हरून बसला असेल, त्याला आपल्या तोंडून एवढेच ऐकू येऊ द्या की, पुढच्या सामन्याला आम्ही येणार आहोत.